जेंकिन्स बसला, पण गिटहबशी बोलेना

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:१४

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी सर्व्हरवाला माणूस नाही. सांगलीत आमचं पाच जणांचं ऑफिस आहे. दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करतो: फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटखेरीज घन घटक), दरपत्रक आणि दर दहा दिवसांचं बिल. सगळं जावात, मेव्हनवर (कोडपासून चालवायची जार फाइल बनवणारं साधन; या बनवण्यालाच बिल्ड म्हणतात). आजवर संस्थांना द्यायची जार फाइल एकाच सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर तयार व्हायची. गेल्या महिन्यात तो भावाच्या लग्नाला गेला. दुसऱ्याने आपल्या मशीनवर बिल्ड केला आणि त्याचा अर्धवट राहिलेला दरपत्रकातला बदल त्यात तसाच गेला. पहाटे पावणेसहाला संस्थेच्या सचिवांचा फोन. म्हशीच्या दुधाला गाईचा दर लागत होता आणि काट्यासमोर माणसं किटल्या घेऊन उभी.

तेव्हाच ठरवलं, यापुढे जार एकाच मशीनवर होणार आणि जे गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारी पद्धत; आमचा साठा गिटहब या साइटवर आहे) कमिट, म्हणजे नोंद, झालंय त्यातूनच होणार. कपाटावर एक जुना डेस्कटॉप पडला होता (८ जीबी रॅम, २५० जीबी एसएसडी). त्यावर उबुंटू २४.०४ टाकलं आणि एक ब्लॉग वाचत जेंकिन्स (कोड घेऊन आपोआप बिल्ड करणारा सर्व्हर) बसवला. आता दोन ठिकाणी अडलोय.

एक म्हणजे ८०८० पोर्टवर आमचं टॉमकॅट (जावाचा वेब सर्व्हर) आधीच आहे. /इटीसी/डिफॉल्ट/जेंकिन्स या फाइलमध्ये पोर्ट बदलून ८०९० केलं, तीनदा रीस्टार्ट केलं, ढिम्म.

दुसरं, टॉमकॅट बंद ठेवून जेंकिन्स उघडला तर तो गिटहबवरून कोड घेत नाही. "होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड" म्हणतो. त्याच मशीनवर टर्मिनल उघडून गिट क्लोन केलं तर मुकाट्याने होतं! डोकं फिरायची वेळ आली आहे.

ढकलगाडी | मंगळवार, रात्री ९:३१

पाच माणसांना जेंकिन्स म्हणजे दाढी करायला तलवार. कोड गिटहबवरच आहे ना? मग गिटहब अ‍ॅक्शन्स वापरा. बिल्ड त्यांच्याच मशीनवर होतो. फुकट खात्यालासुद्धा खासगी रेपॉझिटरीसाठी (कोडच्या साठ्यासाठी) महिन्याला २००० मिनिटं मिळतात. सर्व्हर नको, पोर्ट नको, कपाटही नको.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:४०

@ढकलगाडी, विचार केला होता. पण आमचे दोन जुने प्रोजेक्ट अजून एसव्हीएनवर (सबव्हर्जन, गिटच्या आधीची तशीच पद्धत) आहेत आणि त्यांना हलवायला कुणी धजत नाही. शिवाय चाचणीसाठी काटा आणि मिल्क अ‍ॅनलायझर सिरियल केबलने ऑफिसातल्याच एका मशीनला जोडलेले आहेत. जार तिथपर्यंत आपोआप पोचायला हवी.

ढकलगाडी | मंगळवार, रात्री ९:४३

एसव्हीएन ऐकलं आणि मी माझे शब्द मागे घेतले. (काटेवाल्या मशीनवर सेल्फ-होस्टेड रनर (गिटहबचे बिल्ड आपल्याच मशीनवर चालवणारा प्रोग्रॅम) टाकता आला असता, पण ते असो.)

शेवग्याची_शेंग | मंगळवार, रात्री १०:०५

पोर्टचं आधी सांगते, ते सोपं आहे. तुम्ही वाचलेला ब्लॉग जुना असणार. मार्च २०२२ मध्ये आलेल्या २.३३२.१ या एलटीएस (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या) आवृत्तीपासून लिनक्सवरचा जेंकिन्स सिस्टीमडीकडून (लिनक्सच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमकडून) चालवला जातो. तेव्हापासून /इटीसी/डिफॉल्ट/जेंकिन्समध्ये काहीही लिहा, कुणी बघत नाही. नेटवरचे निम्मे लेख अजून तीच फाइल दाखवतात.

आता असं करायचं: सुडो सिस्टीमसीटीएल एडिट जेंकिन्स. एडिटर उघडेल. त्यात सर्व्हिस असं चौकोनी कंसात, आणि खालच्या ओळीत एन्व्हायर्नमेंट="जेंकिन्स_पोर्ट=८०९०". जेंकिन्स_पोर्ट हे नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांत आणि आकडाही अर्थातच इंग्रजीत. एक खोड ध्यानात ठेवा. त्या एडिटरमध्ये "याखालच्या ओळी टाकून दिल्या जातील" अशा अर्थाची एक रेघ असते. आपलं लिखाण तिच्या वर हवं. खाली लिहिलंत तर सेव्ह होताना गुपचूप गायब होतं आणि माणूस पुन्हा तीनदा रीस्टार्ट करत बसतो. मी बसलेली आहे.

होस्ट कीसाठी मला कन्सोल आउटपुटमधल्या शेवटच्या दहाएक ओळी लागतील. टोकन किंवा पासवर्ड दिसत असेल तर तेवढं खोडून टाका.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री १०:२२

पोर्ट झालं! रेघेच्या खालीच लिहिलं होतं पहिल्यांदा, तुमची ओळ वाचून वर नेलं. :)

आउटपुटमध्ये मुद्द्याचं एवढंच आहे: "नो ईडी२५५१९ होस्ट की इज नोन फॉर गिटहब.कॉम अँड यू हॅव रिक्वेस्टेड स्ट्रिक्ट चेकिंग." आणि खाली तेच, "होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड".

शेवग्याची_शेंग | मंगळवार, रात्री १०:५१

हं. आता जरा सविस्तर लिहिते, कारण जेंकिन्स बसवणारे दहातले आठ जण इथेच आपटतात आणि मग वैतागून एसएसएचची (दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणी करायची पद्धत) तपासणीच बंद करून टाकतात.

टर्मिनलमध्ये तुम्ही तुम्ही असता. जेंकिन्स मात्र "जेंकिन्स" नावाच्या वेगळ्याच युजरने चालतो. पॅकेज बसवताना तो युजर तयार होतो आणि त्याचं घर /व्हार/लिब/जेंकिन्स हे असतं. तुमच्या घरातल्या .एसएसएच फोल्डरमध्ये काय आहे ते त्याला दिसत नाही आणि दिसूही नये. वाड्याची किल्ली तुमच्या कमरेला आणि दार उघडायला पाठवलंय गड्याला, अशी ही गत. म्हणून "माझ्या टर्मिनलवर चालतं" या वाक्याने इथे काहीच सिद्ध होत नाही.

पुढची गोष्ट. एसएसएचमध्ये ओळख दोन्ही बाजूंनी पटवायची असते. तुम्ही कोण ते गिटहबला पटायला हवं, त्यासाठी तुमची किल्ली. आणि समोर खरंच गिटहबच आहे ना हे तुम्हाला पटायला हवं, त्यासाठी त्यांची होस्ट की. टर्मिनलवर पहिल्यांदा जोडताना "येस की नो" असं विचारलं गेलं होतं, आठवतंय? आपण न वाचता येस दाबतो आणि ती ओळख नोन होस्ट्स नावाच्या फाइलमध्ये जाऊन बसते. जेंकिन्सला येस दाबायला कुणी नाही, त्यामुळे तो जोडणीच नाकारतो. तुमचा एरर या दुसऱ्या प्रकारचा आहे. किल्लीपर्यंत गाडी अजून पोचलेलीच नाही.

उपाय: मॅनेज जेंकिन्स, मग सिक्युरिटी, आणि पान खाली नेलंत की "गिट होस्ट की व्हेरिफिकेशन कॉन्फिगरेशन" दिसेल. तिथे चार पर्याय आहेत. "नो व्हेरिफिकेशन"कडे ढुंकूनही पाहू नका. "अ‍ॅक्सेप्ट फर्स्ट कनेक्शन" घाईच्या वेळी चालतं. मी "मॅन्युअली प्रोव्हायडेड कीज" निवडते आणि गिटहबने आपल्या मदतपानांवर छापलेल्या होस्ट की तिथून उचलून चिकटवते. याला दोनच मिनिटं लागतात.

एवढा काटेकोरपणा का, तर मार्च २०२३ मध्ये गिटहबची आरएसए खासगी की चुकून एका सार्वजनिक रेपॉझिटरीत काही काळ उघडी पडली होती. २४ मार्चला त्यांनी ती बदलली आणि जगभरचे बिल्ड सर्व्हर एका सकाळी अडले. तपासणी बंद ठेवणाऱ्यांना त्या दिवशी काहीच कळलं नाही. बेमालूम फसायचं असेल तर तो उत्तम मार्ग आहे.

जुनाखोड | मंगळवार, रात्री ११:२०

शेंगताई, वाड्याची उपमा झकास. वाखु (वाचनखूण) साठवली.

अवांतर: या जेंकिन्सचं बारसं दोनदा झालंय हे नव्या पोरांना ठाऊक नसतं. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये कोहसुके कावागुची नावाच्या प्रोग्रॅमरने २००४ मध्ये हे सुरू केलं तेव्हा नाव होतं हडसन. आम्ही तेव्हा क्रूझकंट्रोल (बिल्डचंच जुनं साधन) वापरायचो. एक्सएमएल लिहून बोटं झिजायची. हडसन आला तो ब्राउझरमध्ये टिकमार्क करत चालणारा, लगेच उडी मारली. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि हडसन हे नाव कुणाचं यावरून तंटा सुरू झाला. जानेवारी २०११ मध्ये मंडळींनी मतदान करून नाव बदललं, जेंकिन्स. कोडबरोबर बहुतेक माणसंही तिकडे गेली आणि हडसन पुढे इक्लिप्स फाउंडेशनच्या पदरात पडला. दोन्ही नावं साहेबाच्या घरच्या बटलरला शोभणारी आहेत. चित्रातला तो हातावर रुमाल टाकलेला गृहस्थ म्हणूनच.

ढकलगाडी | मंगळवार, रात्री ११:२६

म्हणजे शेंगताईंचा गडी आणि जुन्याखोडांचा बटलर एकच. +१

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी १:१०

होस्ट की चिकटवल्या. तो एरर गेला, नवा आला: "परमिशन डिनाइड, पब्लिककी". प्रगती समजू ना?

शेवग्याची_शेंग | बुधवार, दुपारी १:३४

हो, मोठीच. आता तुमच्या ओळखीची पाळी. स्वतःची किल्ली जेंकिन्सला देऊ नका, त्याच्यासाठी वेगळी जोडी करा: एसएसएच-कीजेन, प्रकार ईडी२५५१९, पासफ्रेज रिकामी. सार्वजनिक भाग गिटहबवर त्या रेपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये "डिप्लॉय की" म्हणून टाका. लिहिण्याची परवानगी देऊ नका, बिल्डला वाचण्यापुरतीच हवी. खासगी भाग जेंकिन्सच्या क्रेडेन्शियल्समध्ये, "एसएसएच युजरनेम विथ प्रायव्हेट की" हा प्रकार, युजरनेम "गिट". तुमचं गिटहबचं नाव नव्हे, अक्षरशः गिट.

एक डिप्लॉय की एकाच रेपॉझिटरीला चालते. दुसऱ्या प्रोजेक्टला तीच लावू गेलात तर "की आधीच वापरात आहे" असं उत्तर मिळेल.

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी ४:०२

जोडलं गेलं, पण आता म्हणतो "कुडन्ट फाइंड एनी रिव्हिजन टू बिल्ड".

बिनपगारी | बुधवार, दुपारी ४:०५

ब्रँचच्या (कोडच्या शाखेच्या) खान्यात तारा-स्लॅश-मास्टर असेल, ते मेन करा. गिटहबने ऑक्टोबर २०२० पासून नव्या रेपॉझिटरीची मुख्य ब्रँच मेन केली, जेंकिन्सचा तो खाना मास्टर धरून बसलाय.

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी ४:०९

झालं!! आणि पुढच्याच पायरीवर मेव्हन: "नो कंपायलर इज प्रोव्हायडेड... पर्हॅप्स यू आर रनिंग ऑन अ जेआरई रादर दॅन अ जेडीके?"

हा माणूस रोज एक नवं कोडं घालतोय.

रात्रपाळी | बुधवार, संध्याकाळी ६:४८

न्यू जर्सीहून सकाळचा चहा घेत वाचतोय. हे माझ्या गल्लीतलं आहे, म्हणून बोलतो.

जेंकिन्स स्वतः जावावर चालतो, त्याला नुसता जेआरई पुरतो. तुमच्या ब्लॉगने तेवढाच टाकायला सांगितला असेल. कोड कंपाइल करायला मात्र जेडीके लागतो. पण थांबा, लगेच जेडीके २१ टाकायला धावू नका. तुमचं सॉफ्टवेअर संस्थांच्या मशीनवर कुठल्या जावावर चालतं?

कृष्णाकाठ | बुधवार, संध्याकाळी ७:१५

जावा ८. काही ठिकाणी अजून विंडोज ७ आहे, हसू नका.

रात्रपाळी | बुधवार, संध्याकाळी ७:३०

हसत नाही, आमच्याकडे एका बँकेचं काम याहून जुन्यावर आहे.

मग नीट ऐका. जेंकिन्सचा जावा आणि तुमच्या बिल्डचा जावा हे दोन वेगळे संसार आहेत. जेंकिन्सला २१ राहू द्या, अलीकडच्या आवृत्त्या ८ किंवा ११ वर सुरूच होत नाहीत. त्याच मशीनवर जेडीके ८ वेगळा टाका. मग मॅनेज जेंकिन्समध्ये टूल्सच्या पानावर "जेडीके" म्हणून त्याचा मार्ग नोंदवा, "आपोआप इन्स्टॉल करा"ची खूण काढून. जॉबमध्ये तो जेडीके निवडा.

यात एक खड्डा आहे. नवा जॉब करताना मेव्हनचं प्लगइन असेल तर "मेव्हन प्रोजेक्ट" असा प्रकार दिसतो आणि मेव्हनवाले साहजिकच तो उचलतात. त्या प्रकारात जेंकिन्स आपला कोड मेव्हनच्याच प्रक्रियेत घुसवतो, म्हणून तिथे जुना जावा चालत नाही. साधा फ्रीस्टाइल घ्या आणि त्यात मेव्हनची पायरी टाका, किंवा पाइपलाइन (बिल्डच्या पायऱ्या लिहिलेली जेंकिन्सफाइल) लिहा. पाइपलाइन उत्तमच, कारण जेंकिन्सफाइल कोडबरोबर गिटमध्येच राहते. पण पहिल्या आठवड्यात एकाच वेळी ग्रूव्ही (ती फाइल ज्या भाषेत लिहितात ती) शिकण्याचा हट्ट नको.

कृष्णाकाठ | गुरुवार, दुपारी १२:२०

हिरवी खूण आली! बिल्ड नंबर १४. आधीचे तेरा लाल. ऑफिसात सगळ्यांना उठवून दाखवलं.

आता कमिट केल्याबरोबर बिल्ड सुरू व्हायला हवा. गिटहबवर वेबहुक (बदल होताच दिलेल्या पत्त्यावर हाक मारणारी सोय) टाकला, पत्त्यात आमच्या मशीनचा १९२.१६८ वाला आयपी दिला. काही होत नाही. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून ८०९० बाहेर उघडू का? नेटवाला म्हणतो पाच मिनिटांचं काम आहे.

शेवग्याची_शेंग | गुरुवार, दुपारी १२:२६

नाही. नाही. नाही.

१९२.१६८ हा तुमच्या ऑफिसच्या आतला पत्ता आहे, गिटहबला तो दिसणारच नाही. आणि पोर्ट बाहेर उघडाल तर जो कोणी जग धुंडाळत फिरतोय त्याला दिसेल. जानेवारी २०२४ मध्ये जेंकिन्सच्या कमांडलाइनच्या भागात एक भोक सापडलं: आज्ञेत "अ‍ॅट" चिन्हापुढे फाइलचा मार्ग लिहिला की सर्व्हर ती फाइल वाचून तिचा मजकूर समोर ठेवायचा, लॉगिन नसलेल्यालाही पहिल्या काही ओळी मिळायच्या. २.४४२ आणि एलटीएस २.४२६.३ मध्ये ते बुजवलं. तोवर उघड्यावर ठेवलेल्या सर्व्हरांचं काय झालं असेल ते समजून घ्या. तुमच्या या मशीनवर आता गिटहबची किल्ली आहे आणि संस्थांना जाणारी जार इथेच तयार होते. ते दार रस्त्यावर उघडायचं नसतं.

पाच जणांना पोलिंग पुरतं. जॉबमध्ये "पोल एससीएम" टिक करा आणि वेळापत्रकात एच स्लॅश ५ आणि पुढे चार तारे. म्हणजे जेंकिन्स स्वतःच पाच-पाच मिनिटांनी बाहेर जाऊन "काही नवीन?" असं विचारून येईल. आतून बाहेर जायला राउटरची आडकाठी नसते. सरळ तारा-स्लॅश-५ न लिहिता एच लिहायचं, कारण मग जेंकिन्स जॉबच्या नावावरून मिनिट ठरवतो आणि सगळे जॉब एकाच ठोक्याला उठून मशीनच्या उरावर बसत नाहीत.

बिनपगारी | गुरुवार, दुपारी १२:४०

ज्यांचा सर्व्हर खरंच बाहेरून दिसतो त्यांच्यासाठी: वेबहुकच्या पत्त्यात गिटहब-वेबहुक याच्या शेवटी स्लॅश हवाच. या एका स्लॅशपायी माझा एक शनिवार गेलाय.

जुनाखोड | गुरुवार, दुपारी ३:१५

एसव्हीएनवाल्या दोन प्रोजेक्टांबद्दल माझा अनुभव. तो सर्व्हर ऑफिसातच असेल तर पोलिंगही नको, पोस्ट-कमिट हुक (कमिटनंतर आपोआप चालणारी स्क्रिप्ट) लावा, कमिट होताच जेंकिन्सला हाक जाते. मात्र जॉबमध्ये पोल एससीएमवर खूण हवी, वेळापत्रक रिकामं ठेवलं तरी चालतं. खूण नसेल तर हाक ऐकूच जात नाही.

दुसरं असं की सबव्हर्जन आपले हुक रिकाम्या पर्यावरणात चालवतं. पाथ (आज्ञा कुठे शोधायच्या त्याची यादी) नावाची गोष्टच तिथे नसते. हाताने चालवली की स्क्रिप्ट गुणी बाळासारखी चालते, हुकमधून मात्र गप्प, आणि चुकीचा संदेशही नाही. कर्लचा (जेंकिन्सला हाक मारणाऱ्या आज्ञेचा) पूर्ण मार्ग लिहा, /यूएसआर/बिन/कर्ल असा. पहिल्यांदा मी यात दोन दिवस घालवले होते, तेव्हा विचारायला असा धागाही नव्हता.

कृष्णाकाठ | पुढच्या सोमवारी, सकाळी १०:०५

पोलिंग झक्कास चाललंय, एसव्हीएनचे हुकही लागले (पूर्ण मार्ग दिल्यावरच). पण आज सकाळी सगळे बिल्ड रांगेत अडकलेत. मशीनच्या नावापुढे "ऑफलाइन" लिहिलंय. चालू तर आहे, मी समोरच बसलोय!

शेवग्याची_शेंग | सोमवार, सकाळी १०:११

डिस्क बघा. मोकळी जागा १ जीबीच्या खाली गेली की जेंकिन्स त्या मशीनला आपणहून ऑफलाइन करतो.

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी १०:१९

६०० एमबी उरलेत. एवढ्यात २५० जीबी कुठे गेले?... उबुंटू बसवताना रूट पार्टिशन ३० जीबीचंच केलं होतं, बाकीची जागा वेगळ्या पार्टिशनवर रिकामी पडून आहे. मीच तो शहाणा. आणि दर बिल्डची जार साठवून ठेवलीय, एकेक ९० एमबीची.

शेवग्याची_शेंग | सोमवार, सकाळी १०:३०

जॉबमध्ये "डिस्कार्ड ओल्ड बिल्ड्स" लावा, शेवटचे वीस पुरेत. संस्थांना खरोखर दिलेल्या बिल्डवर "कीप धिस बिल्ड फॉरेव्हर" करा, म्हणजे तो झाडलोटीत जाणार नाही. आणि सवडीने जेंकिन्सचं घर मोठ्या पार्टिशनवर न्या.

बिनपगारी | सोमवार, सकाळी ११:०२

हलवतच आहात तर बॅकअपही लावून टाका. /व्हार/लिब/जेंकिन्स सगळं घ्या, फक्त वर्कस्पेस (बिल्डसाठी कोड उतरवायचं फोल्डर) वगळा. सीक्रेट्स नावाचं फोल्डर विसरू नका. त्यातल्या मास्टर.की शिवाय क्रेडेन्शियल्सची फाइल परत आणली तरी उघडत नाही, सगळ्या किल्ल्या नव्याने कराव्या लागतात. आणि त्याचमुळे तो बॅकअप कुणाच्याही पेनड्राइव्हवर फिरू देऊ नका.

रात्रपाळी | सोमवार, संध्याकाळी ७:४४

यूपीएस आहे का त्या डेस्कटॉपला?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ८:०१

इन्व्हर्टरवर घेतलाय. बायोसमध्ये "वीज आल्यावर आपोआप चालू" हेही केलं, कारण सकाळी पहिला येणारा माणूस कपाटावर चढून बटण दाबायचा.

कृष्णाकाठ | २१ तारीख, सकाळी ९:१२

अपडेट देतो. काल रात्री दहा दिवसांच्या बिलाची जार पहिल्यांदा जेंकिन्समधून गेली, बिल्ड नंबर ६३. काट्याच्या मशीनवर आपोआप कॉपी झाली, चाचणी झाली, मगच संस्थांना दिली. आज पहाटे फोन नाही. मी सवयीने साडेपाचला जागा होऊन बघत बसलो होतो.

लग्नाहून आलेल्या सहकाऱ्याला आधी वाटलं आपलं काम काढून घेतलं. आता तोच टूल्सच्या पानावर काहीबाही करत असतो. नियम ठरलाय, जो बिल्ड लाल करेल त्याने सगळ्यांना भडंग आणायचं.

ढकलगाडी | २१ तारीख, सकाळी ९:२०

पहिलं भडंग कुणी आणलं?

कृष्णाकाठ | २१ तारीख, सकाळी ९:२३

मीच. पुडा टेबलावर आहे, या.